मुलगी गोलकीपर आहे आणि तिला हेच करिअर करायचंय. आता काय करू?

एका वडिलांचा प्रश्न आहे. मुलगी पंधरा वर्षांची, दहावीत. कोल्हापूरजवळच्या गावात शाळेच्या संघात गोलकीपर. उंची पाच फूट तीन इंच. सर म्हणतात हात चांगले आहेत, घाबरत नाही. तिला पुढे व्यावसायिक कीपरच व्हायचं आहे. घरात मात्र दोन मतं आहेत. आजोबा म्हणतात, दहावीला खेळ बंद. काका म्हणतात, खेळायचंच असेल तर पुढे खेळव, नाव गोल मारणाऱ्याचं होतं, अडवणाऱ्याचं नाही. वडील विचारतात, मुलींच्या फुटबॉलमध्ये कीपर म्हणून खरंच करिअर होतं का, आणि ही उंची पुरेल का?

मी स्वतः अकरा वर्षं गोलमध्ये उभी राहिले. राज्याच्या संघात तीन हंगाम होते, त्यातले दोन राखीव कीपर म्हणून. गेली चौदा वर्षं मी पुण्यात फक्त कीपर मुलींना शिकवते. त्या अनुभवावरून उत्तर देते. थोडं लांबेल, कारण 'होतं' किंवा 'होत नाही' एवढ्यावर तुमचं काम भागणार नाही.

करिअर होतं. थोड्याच जणींचं होतं, पण होतं. तुम्ही ज्यात अडकला आहात तो प्रश्न मला वेगळाच दिसतो. संघात जागा अकरा, कीपरची एक. पुढे खेळणारी, गोल मारणारी खेळाडू राखीव असली तरी साठाव्या मिनिटाला आत येते, वीस-तीस मिनिटं खेळते, कुणाच्या तरी नजरेत भरते. दुसऱ्या नंबरच्या कीपरचं तसं नसतं. पहिलीला दुखापत झाली किंवा लाल कार्ड मिळालं तरच तिला दार उघडतं. अख्खा हंगाम सराव करून एकही मिनिट न खेळलेल्या मुली मी पाहिल्या आहेत, आणि एक हंगाम मी स्वतः तसा काढला आहे. शिवाय कीपर उशिरा पिकते. क्रॉस, म्हणजे मैदानाच्या कडेने गोलसमोर टाकलेला चेंडू, कुठे पडणार, समोरची कधी मारणार, पुढे यायचं की थांबायचं, ही जाण सामने खेळूनच येते आणि तिला वर्षं लागतात. म्हणून तुम्ही स्वतःला विचारायचा प्रश्न असा: पंधरा ते चोवीस या वयात माझ्या मुलीला पुरेसे सामने कुठे मिळतील, आणि तोवर तिचा गुडघा, तिचं शिक्षण आणि तिची उमेद कशी शाबूत राहील?

उशिरा पिकणं म्हणजे किती उशिरा, हे जर्मनीच्या नादिन आंगेररकडे पाहून कळतं. जन्म १९७८चा. देशाकडून पहिला सामना १९९६ साली. त्यानंतर कितीतरी वर्षं ती सिल्के रोटेनबर्गच्या मागे दुसऱ्या नंबरवर होती. २००७च्या विश्वचषकाच्या वेळी रोटेनबर्गच्या दुखापतीमुळे आंगेरर गोलमध्ये आली आणि अख्ख्या स्पर्धेत तिने एकही गोल खाल्ला नाही. अंतिम सामन्यात ब्राझीलच्या मार्ताची पेनल्टीसुद्धा अडवली. तेव्हा ती २८ वर्षांची होती, म्हणजे पहिल्या सामन्यानंतर अकरा वर्षांनी. पुढे २०१३च्या युरोच्या, म्हणजे युरोपातल्या देशांच्या स्पर्धेच्या, अंतिम सामन्यात तिने नॉर्वेच्या दोन पेनल्टी अडवल्या आणि त्या वर्षी फिफाची जगातली सर्वोत्तम महिला खेळाडू ठरली.

इंग्लंडच्या मेरी अर्प्सचंही तसंच. २०१९च्या अखेरीपासून जवळजवळ दोन वर्षं ती इंग्लंडकडून खेळली नव्हती. खेळ सोडायचा विचार तिच्या मनात येऊन गेला होता, हे तिनेच पुढे सांगितलं. २०२१मध्ये सरिना विगमन प्रशिक्षक म्हणून आल्या आणि त्यांनी तिला परत घेतलं. तेव्हा तीही २८ वर्षांची होती. पुढच्याच वर्षी इंग्लंडने युरो जिंकला. २०२३च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात इंग्लंड स्पेनकडून हरलं, पण अर्प्सने एर्मोसोची पेनल्टी अडवली आणि स्पर्धेतली सर्वोत्तम कीपर ठरली.

तुमच्या घरच्या काकांसाठी अर्प्सचीच आणखी एक गोष्ट सांगते. त्या विश्वचषकाला इंग्लंडच्या बाकी खेळाडूंच्या जर्सी दुकानात मिळत होत्या, कीपरची मिळत नव्हती. नायकेने ती विकायला काढलीच नव्हती. अर्प्सने ही खंत उघडपणे बोलून दाखवली. ती जर्सी मिळावी म्हणून दीड लाखाहून जास्त लोकांनी अर्जावर सह्या केल्या आणि शेवटी कंपनीला ती बाजारात आणावी लागली. त्याच वर्षी बीबीसीचा वर्षातल्या सर्वोत्तम क्रीडापटूचा मान तिला मिळाला. अडवणाऱ्याचंही नाव होतं, हे काकांना जरूर सांगा.

आता आपल्या देशाकडे येते, कारण तुमच्या मुलीचा रस्ता इथूनच जाणार आहे. अदिती चौहानची कारकीर्द मी माझ्या प्रत्येक विद्यार्थिनीला तपशिलात सांगते. दिल्लीत वाढलेली मुलगी, आधी बास्केटबॉल खेळायची. पदवी दिल्लीत केली आणि मग क्रीडा व्यवस्थापन शिकायला इंग्लंडला लफबरो विद्यापीठात गेली. २०१५ साली, वयाच्या बाविसाव्या वर्षी, लंडनच्या वेस्ट हॅम क्लबच्या महिला संघात तिची निवड झाली. इंग्लंडच्या लीगमध्ये खेळणारी ती पहिली भारतीय महिला. बातमी एवढीच छापली जाते, पण तुम्ही पुढच्या दोन गोष्टी पाहा. वेस्ट हॅमचा महिला संघ तेव्हा तिसऱ्या श्रेणीत खेळत होता, म्हणजे झगमगाट असा काही नव्हता. आणि तिथल्या पहिल्याच सामन्यात तिने पाच गोल खाल्ले. तरी ती टिकली. भारतात परतल्यावर गोकुलम केरळाकडून भारतीय महिला लीग जिंकली, मध्ये आइसलँडमध्येही खेळली. मुलींसाठी फुटबॉल अकादमी काढली. २०२५च्या जुलैत, ३२व्या वर्षी, ती निवृत्त झाली.

या कारकिर्दीत शिक्षण हा खेळाचा अडथळा कुठेच नाही. शिक्षणानेच तिला इंग्लंडला नेलं, आणि तिथे गेली म्हणून क्लब मिळाला. 'दहावीला खेळ बंद' म्हणणाऱ्या आजोबांना आणि 'अभ्यास राहू दे' म्हणणाऱ्या उत्साही प्रशिक्षकांना मी हे एकच उदाहरण देते.

उंचीबद्दल मी तुम्हाला गोड बोलणार नाही. गोल सगळ्यांना सारखाच असतो: ७.३२ मीटर रुंद, २.४४ मीटर उंच. पुरुषांना तोच, बायकांनाही तोच. तुमच्या मुलीची उंची १६० सेंटिमीटर. हात सरळ वर केला की बोटं साधारण २०५पर्यंत पोचतील. म्हणजे गोलच्या वरच्या आडव्या बारला बोटं लावायला तिला चाळीसेक सेंटिमीटर उडी हवी, तीही मागे सरकता सरकता आणि अंगावर कुणी आलेलं असताना. पंधराव्या वर्षी बहुतेक मुलींची वाढ संपत आलेली असते, त्यामुळे अजून पाच-सहा इंच वाढेल ही आशा धरू नका. बारला लटकून उंची वाढत नाही. मेरी अर्प्स १७३ सेंटिमीटर आहे, आणि आंतरराष्ट्रीय पातळीवर तिला काही फार उंच समजत नसत. तेव्हा १६०–१६२वर राहिलेल्या मुलीला देशाच्या सीनियर संघाचा दरवाजा अवघड आहे, हे आधीच मान्य करून चाला.

पण राज्य, विद्यापीठ आणि देशातल्या क्लबच्या पातळीवर मी या उंचीच्या मुली खेळवल्या आहेत आणि त्या चांगल्या खेळल्या आहेत. कमी उंचीची कीपर मार खाते ती बहुतेक दोन ठिकाणी: डोक्यावरून टाकलेला चेंडू आणि गोलच्या दूरच्या खांबाकडे जाणारा क्रॉस. दोन्हींवर इलाज आहे आणि तो पायांत आहे. उंच मुलगी चुकीच्या जागी उभी राहिली तरी हात लांब करून वेळ मारून नेते. बुटकी मुलगी चेंडू निघायच्या आधीच दोन पावलं बरोबर टाकून जागेवर हवी. म्हणून अशा मुलींकडून मी डाइव्हपेक्षा पावलांचा सराव दुप्पट करून घेते. आडवी पावलं, मागे पळताना अंग अर्धं वळवून टाकायची पावलं, एका पायावरची उडी. तुमच्या मुलीचे सर तिला फक्त उभं करून दोन्ही बाजूंना चेंडू मारत असतील, तर त्यांना नम्रपणे हे सांगा.

शरीराच्या उणिवेवरून मुलीला कायमची मोडीत काढू नये, असं मी ठामपणे म्हणते, त्याला इंग्लंडची हॅना हॅम्प्टन हेही एक कारण आहे. तिला जन्मापासून तिरळेपणा होता, लहानपणी डोळ्यांची ऑपरेशनं झाली, आणि वस्तू किती लांब आहे याचा अंदाज तिला आजही नीट येत नाही. खेळात करिअर जमणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. २०२५च्या युरो अंतिम सामन्यात याच मुलीने पेनल्टी शूटआउटमध्ये स्पेनच्या दोन पेनल्टी अडवल्या आणि इंग्लंड जिंकलं. तुमच्या मुलीचं असंच होईल, असं मी म्हणत नाही. पंधराव्या वर्षी निकाल लावू नका, सतराव्या वर्षी पुन्हा मोजा, एवढंच म्हणते.

मग पंधराव्या वर्षी मी काय बघते? गोल खाल्ल्यानंतरची दहा सेकंदं. जाळ्यातून चेंडू काढताना ती खाली बघते, बचावातल्या मुलीवर ओरडते, की चेंडू पुढे फेकून लगेच आपल्या जागी येते? कीपरची चूक सगळ्या मैदानाला दिसते. पुढच्या मुलीने पाच संधी घालवून सहावीवर गोल केला तर तिला खांद्यावर घेतात. कीपरने पाच अडवून सहावा सोडला तर घरी जाताना त्या सहाव्याचीच चर्चा. ज्या मुलीला हे सोसतं आणि दुसऱ्या दिवशी वेळेवर मैदानात यावंसं वाटतं, तिच्यावर मी मेहनत घेते. हात शिकवता येतात.

दुसरं म्हणजे आवाज, आणि यावर मी जरा जास्त बोलणार आहे. कीपरला अख्खं मैदान समोर दिसतं, म्हणून बोलायचं काम तिचं. 'कीपर!' असं वेळेवर ओरडली नाही तर आपलीच बचावपटू तिच्या अंगावर येते, दोघी पडतात आणि चेंडू जाळ्यात जातो. आपल्याकडच्या मुलींना लहानपणापासून सांगितलेलं असतं, हळू बोल, मोठ्याने हसू नको, चारचौघांत आवाज चढवू नको. मग चौदाव्या वर्षी आम्ही तिला मैदानात उभी करतो आणि म्हणतो, ओरड. ती तोंड उघडते आणि आवाजच फुटत नाही. माझ्याकडे एक मुलगी होती, हात असे की चेंडू चिकटून राहावा, पण तिने पहिल्या सहा महिन्यांत सामन्यात एक शब्द काढला नाही. मी तिला सरावात डोळे बांधलेल्या मैत्रिणीला फक्त आवाजाने मैदानभर चालवायला लावलं: डावीकडे, थांब, मागे ये. तीन आठवडे रोज. मग हळूहळू ती बोलू लागली. तुम्ही घरी एवढंच करा, तिचा आवाज चढला तर दर वेळी दाबू नका. तिच्या कामाचं ते हत्यार आहे.

काकांच्या 'पुढे खेळव' या सल्ल्यात एक खरी गोष्टही आहे. १९९२पासून आपल्या खेळाडूने पायाने मुद्दाम दिलेला चेंडू कीपरला हाताने उचलता येत नाही. तेव्हापासून कीपरच्या पायांना महत्त्व आलं, आणि आज चांगल्या संघांत कीपर हातांपेक्षा पायांनी जास्त वेळा चेंडू खेळते. २०२५पासून आणखी एक बदल झाला. कीपरने चेंडू आठ सेकंदांपेक्षा जास्त हातात ठेवला तर समोरच्या संघाला कॉर्नर, म्हणजे मैदानाच्या कोपऱ्यातून किक मिळते. म्हणजे झटपट निर्णय आणि अचूक फेक किंवा किक, दोन्ही हवं. म्हणून जागा बदलू नका, पण सोळाव्या वर्षापर्यंत आठवड्यातून एक-दोन दिवस तिला सरावात मधल्या फळीत खेळू द्या. दोन्ही पायांनी पास देता येणारी कीपर निवड चाचणीत लगेच वेगळी दिसते.

आता सामन्यांचा मुद्दा. माझं सगळं म्हणणं यावरच उभं आहे. काही वर्षांपूर्वी माझ्याकडे एकाच वयाच्या दोन कीपर होत्या. पहिली जास्त उंच, जास्त चपळ. तिला बाहेरच्या एका मोठ्या अकादमीत प्रवेश मिळाला, सगळ्यांना आनंद झाला. तिथे तिच्या वयोगटात आधीच दोन कीपर होत्या. दीड वर्षात तिला चार सामने मिळाले. दुसरीला कुणी विचारलं नाही. ती साध्या कॉलेजच्या संघात गेली, कमकुवत संघ, दर सामन्यात दहा-बारा फटके अंगावर. वर्षाला पंचवीस सामने खेळली, त्यातले निम्मे हरली. वीस वर्षांच्या झाल्या तेव्हा राज्याच्या शिबिरात दोघी समोरासमोर आल्या. निवड दुसरीची झाली. राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धेत ती महाराष्ट्राकडून खेळली. त्या स्पर्धेला आता राजमाता जिजाबाई करंडक म्हणतात. पहिलीने पुढच्या वर्षी खेळ सोडला, आणि तिचं मला अजून वाईट वाटतं. तिच्यात कमी काहीच नव्हतं.

म्हणून कुठलीही अकादमी, वसतिगृह किंवा क्लब निवडताना मैदान किती हिरवं आहे हे नंतर बघा. आधी विचारा, या वयोगटात कीपर किती आहेत? वर्षाला सामने किती होतात, आणि त्यात दुसऱ्या-तिसऱ्या कीपरला किती मिळतात? कीपरसाठी वेगळा प्रशिक्षक आहे का, की तिला नुसतंच नेमबाजीच्या सरावाला उभं करतात? वर्षाला पंधरा-वीस खरे सामने मिळत नसतील, तर माझ्या मते वयाच्या अठरापर्यंत ती जागा तिच्यासाठी नाही, नाव कितीही मोठं असो. अठरानंतर गणित थोडं बदलतं. चांगल्या कीपरच्या मागे एक हंगाम बसूनही पुष्कळ शिकता येतं, पण दोन हंगाम नकोत. हे परिस्थितीवर अवलंबून आहे हेही सांगते. घरापासून मैदान दोन तासांवर असेल, गावात मुलींचा संघच नसेल, तर वसतिगृहाशिवाय पर्याय नसतो. मग निदान सुट्टीत घरी आल्यावर जिथे मिळेल तिथे सामने खेळायला सोडा. तुमच्या भागात पेठापेठांत फुटबॉल आहे, शाहू स्टेडियमवर सामन्याला किती गर्दी होते हे मी पाहिलं आहे. मुलांच्या सरावात कीपर म्हणून उभी राहायला फुटबॉल संघ असलेल्या कुठल्या तालमीने हो म्हटलं, तर पाठवा. मुलांचे फटके वेगाने येतात, डोळा लवकर तयार होतो.

पैशाचं चित्र स्पष्ट सांगते. भारतीय महिला लीग २०१६-१७ला सुरू झाली. सुरुवातीला सगळे संघ एका ठिकाणी जमून काही आठवड्यांत स्पर्धा उरकायची. २०२३-२४च्या हंगामात घरच्या आणि बाहेरच्या मैदानावर सामने सुरू झाले आणि खाली दुसरी श्रेणीही आली. त्या हंगामापासून प्रत्येक क्लबने किमान दहा भारतीय खेळाडूंना वर्षाला किमान ३ लाख २० हजार रुपयांचा करार द्यावा, असं भारतीय फुटबॉल महासंघाने जाहीर केलं. वरच्या लीगमध्ये संघ आठच्या आसपास. प्रत्येकी तीन कीपर धरल्या तरी देशभरात पंचवीसच्या आत जागा, आणि रोज खेळणाऱ्या आठ. आकडा छोटा आहे, तो डोळ्यांसमोर ठेवूनच उतरा. खेळ वर जातो आहे हेही खरं. २०२५च्या जुलैत भारताने थायलंडला त्यांच्याच देशात २-१ने हरवलं आणि पात्रता फेरीतून आशिया चषकात पोचला. त्या दिवशी गोलमध्ये मणिपूरची पंथोई चानू होती.

म्हणून मी खेळातल्या उत्पन्नाच्या जोडीला बाकीचे रस्ते आधीच उघडे ठेवायला सांगते. महाराष्ट्रात शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे, पण त्यासाठी ठरावीक पातळीची, मान्यताप्राप्त स्पर्धेची प्रमाणपत्रं लागतात. प्रत्येक प्रमाणपत्राची मूळ प्रत जपा. रेल्वे आणि पोलीस खेळाडू घेतात. आणि कीपर प्रशिक्षकांची, त्यातही बायकांची, देशात फार मोठी वानवा आहे. आशियाई महासंघाचे कीपर प्रशिक्षकांसाठी वेगळे अभ्यासक्रम आहेत. तुमच्याच जिल्ह्यातल्या गडहिंग्लज भागातून आलेल्या अंजू तुरंबेकर यांनी प्रशिक्षण क्षेत्रात राष्ट्रीय पातळीवर काम केलं आहे, त्यांच्याबद्दल मुलीला जरूर वाचायला द्या.

एवढ्यापर्यंतचं एका दमात सांगायचं तर असं: उंचीवर आज निकाल नको, जागा बदलू नका, शाळा-कॉलेज सोडू नका, आणि जिथे खेळायला मिळेल तीच जागा मोठी समजा. आता शरीराचं.

मुलींमध्ये गुडघ्याचं एसीएल हे लिगामेंट (हाडांना जोडणारा पट्टा) तुटण्याचं प्रमाण मुलांपेक्षा बरंच जास्त असतं. कीपर उडी मारून एका पायावर उतरते, दिशा एकदम बदलते, तिला तर जास्तच जपायला हवं. मी वीस वर्षांची असताना चिखलाच्या मैदानावर क्रॉस पकडून उतरले आणि गुडघा आत वळला. 'टक्' असा आवाज मला स्वतःला ऐकू आला. तेव्हा ज्या क्लबकडून खेळत होते त्यांनी पहिल्या आठवड्यात दोन फोन केले, नंतर फोन आला नाही. ऑपरेशनचा खर्च माझ्या वडिलांनी सोसायटीचं कर्ज काढून केला. परत मैदानात यायला चौदा महिने लागले. म्हणून कुठल्याही कागदावर सही करायच्या आधी दुखापतीचा खर्च कोण करणार हे लिहून घ्या. विमा असेल तर त्याची प्रत मागा. करार किती महिन्यांचा, पैसे दर महिन्याला की हंगामाच्या शेवटी, सोडायचं झालं तर कुणाची परवानगी लागते, हे मराठीत कुणाकडून तरी समजावून घ्या. विचारायला लाजू नका.

दुखापत टाळायला फिफाचा 'इलेव्हन प्लस' हा वीसेक मिनिटांचा वॉर्मअप आहे. साहित्य काही लागत नाही, इंटरनेटवर फुकट मिळतो. आठवड्यातून दोन-तीनदा तो नीट करून घेतला तर दुखापती लक्षणीय कमी होतात. उडीवरून उतरताना गुडघे एकमेकांकडे झुकतात का, हे तुम्ही स्वतः समोर उभं राहून बघू शकता. झुकत असतील तर आधी ते सुधारायचं, उडीची उंची नंतर.

आपली मैदानं कडक असतात, मुरूम आणि खडी. तिथे रोज डाइव्ह मारून खुबा सोलून घेण्यात शौर्य नाही. डाइव्ह आधी गुडघ्यांवर बसून, मग उकिडवं बसून, मग उभं राहून शिकायची. जमिनीला आधी पोटरीची बाहेरची बाजू, मग मांडी, मग खुबा, मग खांद्याची बाजू लागली पाहिजे. कोपर कधीच नाही. शाळेच्या लांब उडीचा वाळूचा खड्डा यासाठी उत्तम, किंवा कुस्तीची मॅट. माझ्या पहिल्या दोनशे डाइव्ह तरी वाळूत झाल्या असतील. ग्लोव्ह्ज महागातले आताच घेऊ नका, वाढत्या वयात आणि खडीवर ते चार महिने टिकत नाहीत. मध्यम दरातले दोन जोड घ्या, सामन्याचा वेगळा ठेवा, साध्या पाण्याने धुवून सावलीत वाळवा. उन्हात रबर तडकतं.

आणि एक गोष्ट आईने किंवा ताईने बोलायची. पाळीची नोंद तिने वहीत ठेवावी. सलग काही महिने चुकली तर सराव जास्त आणि खाणं कमी होतंय का हे डॉक्टरांना विचारा. हिमोग्लोबिन वर्षातून एकदा तपासा. माझ्याकडे 'ही दमते फार' म्हणून येणाऱ्या मुलींत रक्त कमी असणाऱ्या पुष्कळ असतात. अंडी चालत असतील तर रोज दोन, नाहीतर दूध, उसळी, शेंगदाणे, नाचणी. डबाबंद पावडरी लागत नाहीत.

दहावीचं वर्ष कसं काढायचं, हे शेवटचं. खेळ पूर्ण बंद केलेल्या मुली सहा-सात महिन्यांनी परत येतात तेव्हा पाय जड झालेले असतात, आणि बऱ्याच जणी येतच नाहीत. डिसेंबरपर्यंत आठवड्यातून तीन दिवस, पाऊण तास सराव. जानेवारीपासून बाहेरगावचे सामने बंद. घराजवळच्या भिंतीवर रोज पंधरा-वीस मिनिटं: टेनिसचा चेंडू एका हाताने फेकून दुसऱ्याने झेलायचा, मग फुटबॉल डाव्या आणि उजव्या पायाने भिंतीवर. अभ्यासातून उठल्यावर तेवढ्याने डोकंही हलकं होतं. तिने शालेय स्पर्धेत वरची पातळी गाठली असेल तर दहावीला क्रीडा गुण मिळू शकतात, त्याचा अर्ज वेळेत गेलाय का हे शाळेत आत्ताच विचारा. अकरावीला कॉलेज निवडताना तिथे मुलींचा फुटबॉल संघ आहे का हे टक्क्यांच्या बरोबरीने बघा.

परीक्षा संपली की तिच्या दोन पूर्ण सामन्यांचं मोबाईलवर चित्रण करा. गोलच्या मागून नको, मैदानाच्या बाजूने, जिना किंवा गच्ची असेल तर उंचावरून, म्हणजे ती चेंडू लांब असताना कुठे उभी राहते ते दिसेल. कुठल्याही प्रशिक्षकाला दाखवायचं झालं तर तेच दाखवा. फक्त चांगले अडवलेले चेंडू जोडून केलेली छोटी फिल्म मला कुणी पाठवली तर मी ती बघून बाजूला ठेवते. तिने खाल्लेले गोल कापू नका. मी सगळ्यात आधी तेच बघते.